दोन्ही पायांना पट्टी

आबा, काल धाकट्या काकांचा नातू आला होता. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. पेठेच्या तालमीची फुटबॉलची टीम आता तो बघतो. कागदावर वीस नावं लिहून आणली होती आणि त्यातल्या चौघांपुढं फुल्या मारल्या होत्या. एकाचा घोटा, एकाची मांडी, दोघांचे गुडघे. मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं आकड्याचं काहीही असलं की घरातली माणसं माझ्याकडं येतात. म्हणाला, "आज्जी, सोळा उरली. सामनं अजून पाच हायत. पुरतील का न्हाईत, तेवढं सांग." मी काही पंचांग उघडून बसलेली नाही, असं म्हणणार होते, पण तोंडून निघालं भलतंच. "यातले गोल मारणारे किती?" तो बोटांवर मोजायला लागला आणि दुसऱ्या बोटाशीच अडला. तो गेल्यावर मी तो प्रश्न पुन्हा मनात म्हणून पाहिला, कारण तो माझा नव्हताच. तो मी आपल्या घराच्या पुढच्या सोप्यात ऐकला होता, सत्तर-बहात्तर वर्षांपूर्वी. ज्याच्या तोंडून ऐकला त्याचं पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. ते कशामुळं झालं हे तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, ते मात्र मला अजून समजलेलं नाही. ऐंशी ओलांडली तरी ही चौकशी काही सुटत नाही, म्हणून लिहायला बसले.

संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या वर्षातली गोष्ट. मी चौथीत आहे. तुम्ही दिवसा कचेरीत कारकून आणि संध्याकाळी आपल्या सोप्यात हाडं बसवणारे. कचेरीतून आलात की टोपी खुंटीला लावायची, पाय धुवायचे आणि थेट घोंगड्यावर बसायचं, चहासुद्धा तिथंच. मलकापूरकडून बैलगाडीतून कुणी यायचं, पन्हाळ्याच्या पायऱ्यांवरून घसरलेलं कुणी यायचं, पण फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की सोपा खेळणाऱ्यांनीच भरायचा. अनवाणी खेळायची ती माणसं, घोट्याला फडकं गुंडाळून. आई चुलीवर आंबेहळदीचा लेप गरम करायची, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडायची, आणि लेपाची वाटी सोप्यात नेऊन देणं हे माझं काम. मग माझा पाट दुखणेकऱ्याच्या बरोबर समोर असायचा. तिथं बसून पट्टीचं एक टोक धरायचं आणि तुम्ही गुंडाळत गेलात की हळूहळू सोडायचं. मला ते काम फार आवडायचं. हाड जागेवर जाताना माणसाचा चेहरा कसा होतो ते मी अगदी टक लावून बघायची, आणि तुम्ही डोळ्यांनीच मला खाली बघ म्हणून सांगायचात.

आपल्याकडं सगळ्या पेठांचे लोक यायचे, आणि तिथंच सगळी मेख होती. मैदानावर एकमेकांची डोकी फोडायला निघालेले दोघं आपल्या सोप्यात भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसायचे, एकाचा हात गळ्यात, दुसऱ्याचा पाय उशीवर. कोणत्या टीमचं कोण जायबंदी आहे, रविवारपर्यंत कोण उभा राहील आणि कोण नाही, हे सगळ्या कोल्हापुरात तुम्हा एकट्याला ठाऊक असायचं. त्या काळी एकदा खेळ सुरू झाला की बदली माणूस आत घेत नसत. पाय गेला तर दहा जणांनी खेळायचं. म्हणून तर कोण धड आहे याला एवढी किंमत. तुम्हाला आडून आडून विचारायला चांगली चांगली माणसं यायची आणि तुम्ही त्यांना चहा पाजून परत पाठवायचात. एकदा मी पाटीवर पेठांची नावं लिहून प्रत्येकीपुढं बांधलेल्या पायांच्या रेघा ओढल्या होत्या. मला वाटलं, माझी हुशारी बघून तुम्ही खूश व्हाल. तुम्ही पाटी हातात घेतलीत, ओल्या फडक्यानं पुसलीत आणि म्हणालात, "लोकांचं दुखणं हितं बांधायचं. हितनं भाईर न्यायचं न्हाई." आवाज चढवला नव्हतात, तरी मला रडू आलं. तुमच्या हातचा मार मी कधी खाल्ला नाही, पण ती पुसलेली पाटी अजून डोळ्यांपुढं येते.

आणि घरात धाकटे काका. तालमीच्या टीमचे कॅप्टन, हाफबॅकला खेळायचे. त्या वर्षी आपली टीम शेवटच्या सामन्यापर्यंत पोचली ती रडतखडत. एकूण चौदा खेळाडू, त्यातले तिघं आपल्याच सोप्यात पट्ट्या बांधून गेलेले. म्हणजे बरोबर अकरा उरले, बारावा नाही. काका जेवताना बोटानं ताटात टीम मांडायचे, भाताचं शीत म्हणजे गोली, डाळीचे दाणे म्हणजे बॅक. आई वैतागायची, जेवा की म्हणायची. समोरच्या पेठेकडं सतरा खेळाडू आहेत हे गावभर झालं होतं. काकांनी तुम्हाला सरळच विचारलं, की दादा, त्यांच्यातला कोण कोण येऊन गेला ते तरी सांगा, आपल्या पेठेची अब्रू आहे. तुम्ही भाकरी मोडता मोडता म्हणालात, "माझ्याकडं पेठ येत न्हाई. पाय येतोय." काका ताटावरून उठले. दोन दिवस तुम्ही भाऊ भाऊ बोलला नाहीत.

त्याच आठवड्यात, गुरुवारी, तो आला. त्यांचा सेंटर फॉरवर्ड. छापखान्यात कामाला होता, बोटांच्या पेरांत शाई बसलेली. डावा गुडघा सुजून टम्म झाला होता. आज मी डावा म्हणते आहे, हे लक्षात ठेवा. तुम्ही लेप लावताना तो कळवळला नाही, उलट माझ्याशी गप्पा मारायला लागला. कितवीत हायस, पाढे किती येतात, असलं. मी पुस्तकात विचारतात तसं त्याला विचारलं, तुमच्यात सतरा खेळाडू आहेत, एक दुखावला तर किती राहिले? तो हसला. म्हणाला, "सोळा ऱ्हातील की पोरी. पर त्यातलं गोल मारणारं किती, ते इचार. म्या एकलाच हाय." मग तुमच्याकडं वळून म्हणाला, "आबा, रविवारी उभा ऱ्हायलो म्हंजी झालं." तुम्ही म्हणालात, उभा राहशील, पण जपून. मी पट्टीचं टोक सोडत सोडत हे सगळं ऐकत होते. मोजण्यात आणि पुरण्यात फरक असतो हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. शाळेतल्या कोणत्याही गणितापेक्षा मला ते भारी वाटलं.

शनिवारी दुपारी काका परसात पायाला तेल चोळत बसले होते, चेहरा उतरलेला. मी तिथं गेले. त्यांनी मला विचारलं नव्हतं, आबा, हे मला नीट सांगायचं आहे. काकांनी मला फूस लावली नव्हती, काही देऊ केलं नव्हतं. मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं, ते पोटात ठेववेना, एवढंच. मी म्हटलं, काका, ते सतरा दिसतात पण तसे नाहीत, गोल मारणारा एकच आहे आणि त्याचा गुडघा बांधलाय. काकांचा हात थांबला. मग त्यांनी एकच शब्द विचारला, "कुठला?" मी डोळे मिटले. मला तो घोंगड्यावर बसलेला दिसला, मी समोर पाटावर, आणि पांढरी पट्टी माझ्या उजव्या हाताच्या बाजूला. मी सांगितलं, उजवा.

सामना मी पाहिला नाही, मुली कुठं जायच्या मैदानावर. संध्याकाळी आधी गलका आला, आपली पेठ जिंकली म्हणून, आणि पाठोपाठ त्याला घेऊन माणसं आली, फळीवर निजवून. फळीच्या पुढच्या बाजूला खांदा काकांचा होता. उजवी नडगी मोडली होती. चेंडूसाठी तो आणि काका एकदम गेले, असं सगळे म्हणत होते, आणि त्याच्या पेठेची माणसं तसं म्हणत नव्हती. तो बाहेर गेल्यावर त्यांचे दहा राहिले, पुढं गोल करायला कुणी उरलं नाही. सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांच्यातला एक पोक्त माणूस तुमच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हितं बांधून गेला आनि तुमच्याच भावानं हानला. तुमच्या घरातनंच सांगितलंय की." मी स्वयंपाकघराच्या दारात लेपाची वाटी धरून उभी. वाटी पोळत होती तरी खाली ठेवता येईना. तुम्ही त्या माणसाकडं पाहिलंही नाहीत. फळीवर निजलेल्याची गुडघ्याखाली पोचणारी चड्डी वर सारलीत, तिच्याखाली झाकलेली डाव्या गुडघ्यावरची तुमची पट्टी सगळ्यांना दाखवलीत, जशी बांधली होती तशीच, आणि म्हणालात, "माझ्या घरातनं गेलं असतं तर ह्यो पाय फुटला असता."

तो पोक्त माणूस मान हलवून मागं सरकला. गावात पुढं कित्येक वर्षं हे सांगितलं जायचं, की आबांच्या घरातून शब्द बाहेर जात नाही, पायच साक्ष देतो. फक्त काकांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. त्यांना तिथल्या तिथं समजलं होतं, आणि ते कुणाला म्हणजे कुणाला बोलले नाहीत, जाईपर्यंत. त्या हंगामानंतर काका खेळलेही नाहीत. गुडघा दुखतो म्हणायचे. तो गुडघा तुम्ही कधी बांधला नाहीत, आणि त्यांनीही तो कधी तुमच्यापुढं धरला नाही. तो छापखान्यातला माणूस चार महिन्यांनी चालायला लागला, पुढच्या साली बॅकला खेळलाही, पण सेंटर फॉरवर्ड पुन्हा झाला नाही. तपासायला यायचा तेव्हा मला पाढे विचारायचा. मी उत्तर द्यायची आणि आत पळायची.

आता माझी चौकशी. तुमची जर एवढी खात्री होती, तर पुढच्याच आठवड्यापासून तुम्ही येईल त्या खेळणाऱ्याचे दोन्ही पाय का बांधायला लागलात? दुखरा एक, पट्टी दोन्हींना, सारखीच, सारख्याच वेढ्यांची. आई म्हणायची, आता काय नवी धोतरं फाडू का? तुम्ही म्हणालात, जोडीनं बांधलं की तोल राहतो. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. थोड्याच दिवसांत सगळ्या पेठांचे खेळाडू दोन्ही पायांना पट्ट्या बांधून मैदानात उतरायला लागले, दुखो न दुखो. तालमीत त्या काळातला एक फोटो आहे, काकांच्या नातवानं मला मोबाइलवर दाखवला. अकरा जण, बावीस पाय, सगळे बांधलेले. त्यातले किती जायबंदी आणि किती धड, मला मोठं करून बघूनही सांगता आलं नाही. तेच तर तुम्हाला हवं होतं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून लहान. तो प्रसंग झाल्यावर पहिला दुखणेकरी आला, आजऱ्याचा कुणी शेतकरी, तेव्हा मी नेहमीसारखी समोर बसायला गेले. तुम्ही माझा पाट उचललात, त्याच्या शेजारी ठेवलात, त्याचं तोंड जिकडं तिकडंच माझं तोंड होईल असा, आणि म्हणालात, "हितनं बघ. हितनं नीट दिसतंय." मी बसले. त्याचा डावा पाय माझ्या डाव्या हाताला आला. तुम्ही माझ्याकडं न बघता पट्टीचं टोक माझ्या हातात दिलंत. आबा, तुम्हाला कळलं होतं ना? त्या गर्दीत पट्टी दाखवतानाच कळलं होतं, की नंतर? मला वाचवायला ते म्हणालात, की तेव्हा खरंच तसं वाटलं होतं? तुम्ही पुढं वीस वर्षं होता, आणि मी रोज विचारू शकले असते.

विचारलं नाही. कागदावर तरी सांगते, हा कागद गणिताच्या जुन्या वहीतच राहणार आहे. उजवा मीच म्हणाले होते. आणि तुम्ही ती पट्टी दाखवलीत तेव्हा मला त्या माणसाच्या नडगीचं काहीच वाटलं नाही. मी चुकीचं सांगितलं म्हणून आपण सुटलो, याचा मला आनंद झाला होता. त्या माणसाचं वाईट वाटलं ते नंतर, आणि मग ते थांबलं नाही. काल काकांच्या नातवाला मी म्हटलं, सगळ्यांचेच पाय बांध. तो म्हणाला, आज्जी, असं आता कोण बांधतंय? आणि जायबंदी झालेल्या एकाचा फोटो माझ्यापुढं धरून त्यानं विचारलं, ह्याचा कुठला पाय सुजलाय, बघ बरं. फोटोत मुलगा समोर तोंड करून उभा होता. मी मनातल्या मनात उठून त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, आणि मगच सांगितलं.