जीवनसत्त्वाच्या नावाखाली टोचून घेतलेल्या औषधाबाबत

मी, खाली सही करणारा, वय सत्तावन्न, धंदा सायकल दुरुस्ती, पूर्वीचा शर्यतपटू, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दवाखान्याचा दाखला सोबत जोडला आहे. डावा हात आणि डावा पाय शाबूत नाहीत, पण त्यांचा दाखला कोणी मागितला नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि बाल्कनी, तसंच बँकेतली ठेव पत्नीला. अर्धांगाच्या झटक्यानंतर आठ महिने तिने मला घास भरवला, पण "मी सांगत होते" असं एकदाही म्हणाली नाही. खरं तर ती सांगतच होती.

कलम २. दुकान, सगळे पाने, पंप आणि वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करायचं स्टँड मुलीला. गिऱ्हाइकाला खरं सांगायची तिला खोड आहे. ती तिने सोडू नये.

कलम ३. शर्यतीची सायकल धाकट्या भावाला. अट एकच. माझ्या विजयाची गोष्ट त्याने यापुढे कोणाच्याही लग्नात सांगू नये. शेवटच्या चढावर मी नुसत्या जिद्दीवर सुटलो, असं तो सांगतो. जिद्द होतीच. ती एक दिवसाआड दंडात टोचली जायची.

कलम ४. याचा खुलासा असा. कंपनीच्या संघात आम्ही सहाजण होतो. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या अंगात रक्त भरावं म्हणून बनवलेलं औषध संघाचे डॉक्टरसाहेब आम्हा सहा धडधाकट गड्यांना द्यायचे. नाव सांगायचे जीवनसत्त्व. दम लागेनासा व्हायचा आणि रक्त ग्रीससारखं घट्ट व्हायचं. तपासणीच्या दिवशी सलाईन लावून ते पुन्हा पातळ करत. मी एकदा विचारलं, "डॉक्टरसाहेब, याने काही होत तर नाही ना?"

"होतं ना," ते म्हणाले, "पहिला नंबर येतो."

कलम ५. संघातला माझा जोडीदार बगळा. लांब पाय, बारीक मान, आणि माझ्याहून चांगला चढणारा. एका रविवारी दुपारी मी त्याला सरावाला न्यायला घरी गेलो. त्याची आई, आमच्या काकू, म्हणाल्या, "जेवून झोपलाय. उठव तूच, माझं ऐकत नाही." तो माझंही ऐकेना. वय चोवीस.

डॉक्टरसाहेबांनी कागदावर लिहिलं, "जन्मतः हृदय दुबळे." आदल्याच आठवड्यात या दुबळ्या हृदयाने तीन घाट ओलांडले होते. कंपनीने दोन मिनिटं शांतता पाळली. प्रशिक्षकांनी स्टॉपवॉच लावलं होतं, त्यामुळे एक सेकंदही जास्त झाला नाही.

काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुला काही माहीत आहे का रे?"

"नाही, काकू."

तीन आठवड्यांनी मी मोठी शर्यत जिंकलो. त्या सकाळीही इंजेक्शन घेतलं होतं. करंडक बगळ्याच्या स्मृतीस अर्पण केला. पेपरवाल्यांना फार आवडलं.

कलम ६. तो करंडक सायकल महासंघाला परत द्यावा. मुलामा उडाला आहे, पण त्यांच्या कपाटात शोभेल. डॉक्टरसाहेब हल्ली हृदयाच्या आरोग्यावर व्याख्यानं देतात. त्यांना माझी रक्त पातळ करायच्या गोळ्यांची डबी द्यावी, सात वारांचे सात कप्पे असलेली. व्याख्यानात दाखवायला बरी.

कलम ७. हे कलम आधी एवढंच होतं : माझ्या पश्चात कलम ४ आणि ५ काकूंना वाचून दाखवावीत. वकीलबाई टाइप करता करता थांबल्या.

"काकू हयात आहेत?"

"आहेत. एक्याऐंशी वर्षांच्या."

"मग तुम्ही मरायची वाट त्यांनी बघायची?" त्यांनी ओळ खोडली आणि गाडीची किल्ली उचलली.

म्हणून पुढचा मजकूर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून, माझ्या उजव्या हाताने लिहीत आहे. आत्ताच त्यांना सगळं सांगितलं. औषध, घट्ट झालेलं रक्त, माझं "नाही, काकू". त्यांनी टेबलावरचा कपडा सारखा केला.

मग म्हणाल्या, "त्या बाटल्या माझ्याच फ्रिजमध्ये असायच्या रे. 'जीवनसत्त्वं आहेत आई, गार राहू देत,' म्हणायचा. वीज गेली की मी शेजारून बर्फ आणायचे. एकही बाटली खराब होऊ दिली नाही मी."

मी शेजारच्या फ्रिजकडे पाहिलं.

"शंका यायची," त्या म्हणाल्या. "पण तू नाही म्हणालास. शर्यतींना गेलात की तू त्याच्या खोलीत असायचास, तुला ठाऊक असणार. मग मला वाटायचं, माझ्याच खाण्यापिण्यात काही कमी पडलं."

मी म्हणालो, "काकू, मला माफ करा."

"ते मागाहून बघू. आधी तो कागद इकडे दे. सही कुठे करायची?"

वरील सर्व मजकूर मी वाचला असून तो खरा आहे. काही कलमं खरी व्हायला तेहतीस वर्षं लागली.

लिहून देणार : (सही)

साक्षीदार, ज्यांच्या डोळ्यांदेखत मी सही केली :
१. बगळ्याची आई (सही, नाव पूर्ण लिहिलं)
२. वकीलबाई (सही)

ठिकाण : काकूंचं स्वयंपाकघर, फ्रिजशेजारचं टेबल
दिनांक : १४ मार्च, शुक्रवार