अंतरपाटाच्या दोन बाजू

अण्णा, काल मी तुमचा नियम मोडला, आणि यापुढेही मोडणार आहे. एका लग्नात फोटोग्राफर एकच, हा तुमचा हट्ट. विंचूरच्या त्या लग्नात मुलाकडच्यांनी आपला फोटोग्राफर आणला, तर तुम्ही मंगलाष्टकं थांबवून त्याला स्टेजवरून खाली उतरवलंत. मी शेजारी फ्लॅश धरून उभी, लाजेने अर्धमेली. "तोंड काय पाडतेस, धंदा आहे हा," असं सगळ्यांदेखत मलाच झापलंत. माझं चुकलं काय, ते मला अजून कळलेलं नाही.

काल दिंडोरीला मी नवरीकडून होते. तिच्या वडिलांची द्राक्षबाग आहे. सकाळीच म्हणाले, "ताई, अंतरपाट खाली येतानाचा पोरीचा चेहरा पायजे मला. मी तिच्या मागं उभा असणार, मला नाय दिसायचा." मी हो म्हणून बसले. स्टेजवर जाते तर नवरदेवाच्या मागे त्यांचा फोटोग्राफर पाय रोवून उभा. नवरीचा चेहरा दिसणार तो तिथूनच. माझ्या बाजूने फक्त नवरदेवाचा. म्हणजे दोघांनाही एकमेकांची जागा हवी होती. पण नवरदेवाचे काका मला तिकडे फिरकू देईनात. "नवरीकडच्यांनी तिकडंच थांबायचं," म्हणे. अक्षता वाटून झाल्यात, भटजींनी माईक हातात घेतलाय. तुम्ही असता तर आवाज चढवला असता. मलाही चढवावासा वाटला, मुलगी तुमचीच, राग तुमच्याकडूनच आलाय. पण मी बॅगेतून एक कोरं मेमरी कार्ड काढलं आणि त्या फोटोग्राफरपुढे धरलं. "भाऊ, हे तुमच्या कॅमेऱ्यात घाला, तुमचं माझ्यात. तुम्ही माझी नवरी काढा, मी तुमचा नवरदेव काढते."

त्याने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. "आन् हुकला फोटो तर, ताई?"

"तर दोघांचाही हुकेल."

त्याने कार्ड दिलं. अंतरपाट खाली आला, मी नवरदेवावरून नजर हलवली नाही, आणि माझ्या नवरीचा चेहरा मला दिसलाच नाही. जेवणाआधी कार्डं परत बदलली. त्याने काढलेल्या फोटोत नवरी हसत होती, आणि तिच्या खांद्यामागे वडील, अक्षतांची मूठ तशीच मिटलेली, डोळे भरलेले. त्यांना दाखवला तर म्हणतात, "मी रडत व्हतो व्हय?" पुन्हा पुन्हा तोच फोटो मोठा करून बघत होते. तेव्हाच ठरवलं, यापुढे समोरच्या फोटोग्राफरशी आधी जाऊन बोलायचं, प्रत्येक लग्नात. तुम्हाला पटणार नाही. न पटो.

तुम्ही गेलात, आता हे पत्र टाकायचं कुठे, ते मलाही ठाऊक नाही, म्हणून एक गोष्ट लिहूनच टाकते. माझ्या लग्नातही तुम्ही दुसऱ्या कोणाला कॅमेरा काढू दिला नव्हतात. अख्ख्या अल्बममध्ये तुम्ही कुठेच नाही. अंतरपाट खाली आल्यावरचा माझा फोटो सगळ्यांना आवडतो; मी थेट कॅमेऱ्यात बघतेय, म्हणतात. मी कॅमेऱ्यात बघत नव्हते, अण्णा. त्याच्यामागे तुमचा चेहरा शोधत होते.