बाळाचार्यांच्या पोटासाठी घेतलेलं सोड्याचं यंत्र

सप्तापूर, धारवाड
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप अण्णास शकुंतलेचा शिरसाष्टांग नमस्कार. (बायकांनी साष्टांग घालू नये असं सासूबाई म्हणतात, पण पत्रातून घातलेला कोणाला दिसतोय?) इकडे सर्व क्षेम, म्हणजे आजारी कोणी नाही, फक्त सोप्यापासून माजघरापर्यंत मुंग्याच मुंग्या झाल्या आहेत, त्याचं कारण पुढे येईलच. तुझा गुडघा आणि वहिनीचा राग आता कसा आहे ते कळव.

तू विचारलंस की घरी सोडा करायचं ते विलायती यंत्र घ्यावं का, तुमच्याकडे आहे म्हणून तुलाच विचारतो. अण्णा, हे पत्र बसून वाच. आणि हातात चहाचा कप घेऊन तर मुळीच वाचू नकोस.

यंत्र आलं ते लीलेपायी. माझ्या या नणंदेला दोन ठिकाणांहून मुलगी फार उंच म्हणून नकार आला, हे तुला ठाऊक आहेच. (मुलगी उंच म्हणे! त्या मुलांना स्टुलावर उभं करायचं होतं.) मग लग्नं जुळवणाऱ्या सोनाबाईंनी हुबळीच्या बाळाचार्यांचा मुलगा जयतीर्थ सुचवला. इथेच कॉलेजात शिकवतो, चांगला ताडमाड आहे. लीलेने त्याला देवळात लांबून पाहिलं आणि रात्री माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. म्हणाली, वहिनी, इथे जमलं नाही तर मला पुन्हा कोणापुढे पाटावर बसवू नका. इतकी हसरी मुलगी, पण तोंड एवढंसं झालं होतं.

आता बाळाचार्यांचं सांगते. माणूस कडक सोवळ्यातला, पण पोटात सदा वायू. वैद्याने जेवणानंतर सोडा सांगितलेला, आणि दुकानातल्या गोटीच्या बाटलीत पाणी कोणी भरलं, कोणत्या हाताने भरलं, म्हणून आचार्य ती शिवणार नाहीत. सोनाबाईंनी ही बातमी आणली मात्र, तुझे मेव्हणे ताडकन उठले आणि गाडी धरून हुबळीला लॅमिंग्टन रोडवर गेले. घरच्या आडाचं पाणी, घरच्या माणसाने भरलेलं, डोळ्यांदेखत केलेला सोडा! व्याही खूश, लग्न पक्कं! (तुझे मेव्हणे शाळेत सायन्स शिकवतात. त्यामुळे त्यांना काही कळत नाही असं म्हणायची मला सोय नाही.)

यंत्र म्हणजे जाड काचेची बाटली, तिला तारेची जाळी, वर चकचकीत डोकं. त्या डोक्यात वायू भरलेली लोखंडी कुपी पिळायची, की फुस्स! पाणी उकळल्यासारखं होतं आणि खटका दाबला की चिळकांडी. आठवडाभर आम्ही सोड्याशिवाय दुसरं काही प्यालो नाही. घरात कोणी कोणाशी बोलेना, नुसते ढेकर! शेजारच्या मंगलाबाई विचारून गेल्या, सगळ्यांना अजीर्ण झालंय का?

मग सासूबाईंनी शंका काढली. पाणी आपलं, बाटली आपली, पण त्या कुपीतली हवा विलायतेची ना? ती कोणी भरली? आंघोळ करून भरली का? तुझ्या मेव्हण्यांनी सांगितलं, हवेला सोवळंओवळं नसतं. सासूबाई म्हणाल्या, कांद्याच्या फोडणीची हवा देवघरात आलेली मला चालत नाही, मग ही कशी चालेल? यावर सायन्स परसात तुळशीपाशी गेलं. शेवटी कुपीवर तुळशीचं पान ठेवून ती शुद्ध झाली असं दोघांनी मिळून ठरवलं.

परवा मंडळी आली. जेवणं झाली, लीला पाटावर मान खाली घालून बसली, आणि तुझे मेव्हणे यंत्र घेऊन आले. सोवळ्यात बाटली भरायचं काम सासूबाईंचं होतं. अण्णा, त्या माउलीने काय केलं असेल? होणाऱ्या व्याह्यांना पहिल्यांदाच नुसतं पाणी द्यायचं? अशुभ! म्हणून तिने बाटलीत पानक भरलं. गूळ, लिंबू, वेलची, सुंठ, सगळं यथासांग! माजघरात अंधार, कोणाला रंग दिसला नाही. यांनी कुपी पिळली, जोरजोरात हलवलं, बाळाचार्यांपुढे चांदीचा पेला धरला आणि खटका दाबला.

अय्यय्यो! पेला राहिला बाजूला. गुळाचा फेस जो सुटला तो थेट आचार्यांच्या कपाळावर, तिथून शेंडीवर, तिथून उपरण्यावर! अंगावरच्या गोपीचंदनाच्या मुद्रा वाहून मांडीवर आल्या. हे खटका सोडायचा तर घाबरून आणखीच दाबतायत. सासूबाई कृष्ण कृष्ण करतायत. आणि अशा वेळी लीला हसली. गालातल्या गालात नाही रे, खदाखदा! मी चिमटा काढला तर आणखीच. जयतीर्थ हसू दाबायला आढ्याकडे बघत होता, पण त्याचे खांदे गदगदा हलत होते. मला वाटलं, संपलं सगळं.

बाळाचार्यांनी डोळे पुसले. ओठावरून जीभ फिरवली. पुन्हा एकदा फिरवली आणि म्हणाले, ‘छलो अद. इन्नोंद स्वल्प हाक्री.’ छान आहे म्हणून आणखी मागितलं, अण्णा! दोन पेले प्याले, असा ढेकर दिला की ओसरीवरची मांजर पळाली. मग आडावर आंघोळ करून, यांचं धोतर नेसून गेले. पण मुलीबद्दल चकार शब्द नाही. आज सोनाबाई निरोप आणणार आहेत. लीला सकाळपासून खिडकीशी बसली आहे, जेवलीही नाही. माझं लक्ष लागत नाही म्हणून तर एवढं लिहीत बसले.

तेव्हा माझा सल्ला एकच. यंत्र घेऊ नकोस. माठातलं पाणी पी आणि सुखी राहा.

तुझी,
शकुंतला

ता. क. सोनाबाई आल्या! पसंत! जमलं रे अण्णा, जमलं! लीला मला मिठी मारून रडतेय आणि मीही रडतेय, म्हणून शाई फुटली आहे. बाळाचार्य म्हणाले, बायको गेल्यापासून आमच्या घरात कोणी असं हसलेलं नाही, ही मुलगी आम्हाला हवी. हुंडा नको, मानपान नको. मुलीबरोबर फक्त ते यंत्र द्या.

ता. क. २. तुझे मेव्हणे यंत्र द्यायला तयार नाहीत! बहिणीसाठी जीव देईन म्हणतात, यंत्र देणार नाही. कपाटात कुलूप घालून, किल्ली जानव्याला बांधून बसले आहेत. सासूबाईंनी अन्न सोडलंय. म्हणून तू आजच्या आज पुण्यात तसलंच एक यंत्र घे आणि पार्सलने पाठव. वर जे लिहिलंय ते फाडून टाक.

ता. क. ३. पार्सल माझ्या नावाने पाठव. यांच्या हाती लागलं तर हे दोन्ही ठेवून घेतील.