धाकटीचा ताप

प्रिय आई,
दुरूनच तुझ्या पाया पडतो.

धूसर झालेला माझा डावा डोळा आता बरा आहे. शिवणकाम चालू आहे. सुई तेवढी शेजारचा कारागीर ओवून देतो आणि "आजोबा, चष्मा घ्या" म्हणून चिडवतो.

डॉक्टर म्हणाले, डोळ्याकडे जाणाऱ्या नसांवरचं आवरण खराब होतंय. लहानपणी गळ्याला गाठी येऊन मला ताप आला होता ना, त्याच्या विषाणूमुळे कदाचित याची सुरुवात झाली असेल. पण तो विषाणू बहुतेक सगळ्यांनाच गाठतो आणि असं क्वचितच कुणाला होतं.

धाकटीला तसाच ताप आल्याचं तू लिहिलंस. घाबरू नकोस. उतरला का?

ती बरी झाली की अधूनमधून एकेक डोळा झाकून तिला कॅलेंडर वाचायला लाव. खेळ आहे म्हण. मीही इथे रोज तोच खेळतो.

तुझाच,
थोरला