पान उलटायला काय लागतं

रविवार, ३ मार्च
आज हॉलमध्ये प्रार्थनेला ऑर्गन वाजवताना पाय खालच्या पायपट्टीवर घसरला. सगळे डोळे मिटून शांत बसलेले, त्यात भों! पहिल्या रांगेतून माझा मेहुणा म्हणाला, भाऊजी, गाढव आत आलं का? दोनशे माणसं हसली. आमची हीसुद्धा. घरी विचारलं, तू कोणाच्या बाजूची? म्हणाली, हसू येतं त्या बाजूची.
सूड घेणार.

४ मार्च
हॉलच्या कमिटीच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ऑर्गनच्या झाकणाची किल्ली आता एकाकडेच राहील. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात लोकांना जो जास्त आवडेल, त्याच्याकडे. म्हणजे मी किंवा मेहुणा, तोही हल्ली वाजवतो. एकोणीस वर्षं ती किल्ली माझ्या जुडग्यात आहे! मी जन्मभर प्लंबर. ऑर्गन म्हणजे तरी काय, पाइपच. तो टेलर. त्याने बाह्या शिवाव्यात.

७ मार्च
ठरलं. लोकांना हसायचंय ना? हसवतो. पण मेहुण्यावर. वाजवायला विनोदी पीस, म्हणजे गमतीची धून पाहिजे. वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, काका, ऑर्गनचं माझ्याकडे दोनच प्रकारचं मिळतं, लग्नाचं आणि मयताचं. विनोदी हवं तर लग्नाचं न्या.
मूर्ख. पण तसं चूकही नाही.

११ मार्च
लायब्ररी. ग्रंथपालबाईंनी नकाशांच्या कपाटामागून पुस्तक काढलं. सगळे ऑर्गनचे गमतीचे पीस. एकात कोंबड्या, एकात शिंका, एकात बिघडलेलं घड्याळ. शेवटचा, 'वाजवणारा आणि पान उलटणारा'. डोक्यात लख्ख उजेड! मी बाकावर बसणार, मेहुणा शेजारी नोकरासारखा उभा. मी मान हलवली की त्याने पान उलटायचं. दोनशे माणसांदेखत.
सुरांच्या कडेने मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही लिहिलंय. बाई म्हणाल्या, काका, ते आधी वाचा हं. हो म्हटलं. वाचलं नाही. सूर खरे, बाकी पाल्हाळ.

१२ मार्च
झेरॉक्स काढली. डोळ्यांसाठी मोठी करून. कडा कापल्या गेल्या, लिखाण गेलं, सूर तेवढे राहिले. झकास. पुस्तक परत.

१५ मार्च
मेहुण्याला विचारलं. लगेच हो म्हणाला. टरकला असणार. म्हणाला, लायब्ररीत मूळ पुस्तक बघून येऊ का? म्हटलं, ये की. पान उलटायला काय अभ्यास लागतो?

३० मार्च
रोज दोन तास प्रॅक्टिस ठरलेली. दोन आठवड्यांत मिळून तीन तास झाली. पाठ, हवा, पाहुणे. पायांनी वाजवायची ओळ सोडून दिली, हातांनी भागतं.
मेहुणा गुणी बाळासारखा पानं उलटतो. एकदाही हसत नाही. नांगी टाकली. ही म्हणाली, तो लहानपणी गप्प बसला की आई आधी साखरेचा डबा बघायची. हिचं काही कळत नाही.

१३ एप्रिल
कोट इस्त्रीला दिला. उद्या याला पाणी पाजतो.

रविवार, १४ एप्रिल, संध्याकाळी ८
पहिलं पान ठीक. दुसऱ्याला मेहुण्याने एकदम तीन पानं उलटली. मी ओरडलो, लोक हसले. त्याने अंगठा चाटून दोन मागे घेतली. मग उभ्या उभ्या माझ्या खांद्यावर घोरायला लागला. त्याला कोपराने ढोसलं. दचकून त्याने पान उलटंच लावलं. मी मान तिरकी करून वाजवत राहिलो. मग गळ्यातल्या टेपने माझी मान मोजली. मी त्याला लाथ मारायला गेलो, पाय पट्टीवर पडला. भों! लोक बाकांवर आडवे.
टाळ्या थांबेनात. सेक्रेटरीबाई डोळे पुसत म्हणाल्या, अगदी पुस्तकात छापल्याप्रमाणे केलंत, काका, शेवटच्या 'भों'सकट! मेहुणा म्हणाला, सगळं कडेला लिहिलंय, भाऊजी, मी फक्त पानं उलटली.
किल्ली त्याला. जुडग्यातून निघेना, त्यानेच काढून घेतली. लोकांनी हाच पीस पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवायला लावलाय. आता किल्लीवाला वाजवणार, पानं मी उलटणार.

१५ एप्रिल, सकाळी ९
आता बघतो त्याला. घोरणं, टेप, सगळं मी करणार. लायब्ररी उघडायच्या आधीच दारात उभा. भिंग घेऊन. बाईंना म्हटलं, ते पुस्तक द्या, कडेचं वाचायचंय.
बाई म्हणाल्या, ते बाहेर गेलंय, काका.
कोणी नेलं, विचारलं नाही.