सात्यांचं औषध

पुणे, ऑगस्ट १९८४

माह्या आईले करुणाचा मनापासून जयभीम,

आई, जमलं! मागच्या पावसाळ्यात मी करडी गावच्या वारुळावर उगवलेल्या सात्या, इकडं पुण्यात त्यायले अळंबी म्हणतात, थर्मासात बर्फ घालून आणल्या होत्या ना, त्यातलं प्रोटीन आमी शेवटी वेगळं काढलं. चिमूटभर पांढरी भुकटी आहे, पण ज्या उंदरायले कॅन्सरच्या गाठी होत्या त्यायले टोचली, तर गाठी वाढायच्या थांबल्या! मी तर प्रयोगशाळेतच नाचली.

धानाची रोवणी आटोपली का? तुही कंबर कशी आहे?

दादानं लिहिलं, तू रोज सात्यांची भाजी खाऊन राहिली. छातीतली गाठ दाखवायले चल म्हटलं, की म्हणते, "पोरगी औषध काढून राहिली ना, मले दवाखाना कायले?" वाचून आधी हसली, मग जेवण टाकून हे पत्र लिहायले बसली.

अवो माय, भाजी शिजवल्यावर त्या प्रोटीनचा गुण मरते. अन् उंदरापासून माणसापर्यंत यायले लय वर्षं लागतात, कधी पोचतही नाही.

सोमवारीच दादासंग नागपूरले जाजो. माह्या भुकटीनं उद्या कोणाची तरी आई वाचंल. माह्या आईले आज डॉक्टर पाहिजे.

तुह्या हातच्या भाजीची भुकेली,
करुणा