एका रेडिओवर दोन स्वयंपाकघरे

अमरावती,
१२ सप्टेंबर १९६१

चि. मोरोपंत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

चि. सौ. इंदूचा गुडघा कसा आहे ते सविस्तर लिही. मागच्या पत्रात तू ‘बरा आहे’ एवढेच लिहिलेस. वकील माणूस दोन शब्दांत उत्तर देतो तेव्हा तो काहीतरी दडवत असतो. आम्ही सर्व सुखरूप आहोत असे लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहिते.

आमच्याकडे रेडिओ आल्याचे तुला ठाऊक आहेच. सेट आमच्या बैठकीत, परवाना ह्यांच्या नावावर आणि बटण फिरवण्याचा अधिकार माझा. घर एक असले तरी चुली दोन. पुढे आम्ही, मागे धाकटे दीर उद्धवभाऊजी आणि जाऊ गोदावरी. भाऊजींना आठवड्याभरात बातम्यांची गोडी लागली आणि ते आमच्या बैठकीत ठिय्या देऊ लागले. (बातम्या पंधरा मिनिटांच्या, भाऊजी दीड तासाचे.) तेव्हा ह्यांनी तोड काढली की दुसरा सेट आणि दुसरा परवाना घेण्यापेक्षा याच सेटला तारा जोडून एक स्पीकर माझ्या स्वयंपाकघरात आणि एक गोदावरीच्या स्वयंपाकघरात बसवावा. गोवर्धन नावाच्या मिस्त्रीने भिंतीला भोके पाडून अर्ध्या दिवसात काम केले. तारेतून रेडिओखेरीज दुसरे काही येणार-जाणार नाही ना, असे मी त्याला तीनदा विचारले. तो म्हणाला, “बाई, तारेतून रेडिओच येईन, भूत थोडीच येईन.” मनुष्य फार सहज हसला. मी तेव्हाच सावध व्हायला हवे होते.

पुढच्या मंगळवारी मी तुझ्या भाचीला, कुंदाला म्हटले की तांदूळ संपले. दहा मिनिटांत गोदावरी सुपात तांदूळ घेऊन दारात. काहून आणलेस म्हणून विचारले, तर म्हणाली, “मले वाटलं, तुमच्याकडचे सरले असतीन.” गुरुवारी माझी कंबर धरली, तर न सांगता एरंडाची पाने आली. शनिवारी मी कुंदाला फक्त एवढेच म्हटले की गोदावरीची कढी पातळ असते, आणि रविवारी घट्ट कढीची वाटी आली. अठरा वर्षे मी हिच्याशेजारी राहते आहे. अठरा वर्षांत हिला कधी काही वाटले नाही, आणि एका आठवड्यात तीनदा वाटले. मी आधी कुंदाचा संशय घेतला, मग भांडी घासणाऱ्या पार्बताबाईचा. (ती बिचारी दोन दिवस रुसून होती. तिची क्षमा मागण्याचे राहिले आहे.)

सोमवारी दुपारी सेट बंद असताना मी डाळ निवडत बसले होते आणि स्पीकर खोकला. खोकला गोदावरीचा होता. मी प्रयोगाशिवाय काही मानत नाही. ती देवीला गेली तेव्हा ह्यांना तिच्या स्पीकरपुढे उभे करून रामरक्षा म्हणायला लावली. मुंज झाल्यापासून रोज म्हणतात, पण दुसऱ्याच श्लोकाला अडखळून “ऐकू येतं का गं?” असे विचारू लागले. शब्द न् शब्द ऐकू आला, डासाच्या आवाजात. गोवर्धनला बोलावले. तो म्हणाला, “बाई, तारेले काय समजते कोण बोलते अन् कोण ऐकते? सेट बंद असला का स्पीकरच कान होते.” हे त्याला आधीपासून ठाऊक होते.

आता तुझ्या लक्षात आले असेल की मला घाम का फुटला. कुंदासाठी तू जे अकोल्याचे स्थळ आणलेस, त्या मुलाची आई दुर्गाबाई म्हणजे गोदावरीची सख्खी मावशी. त्यांचे घर पाहून आल्यावर मी माझ्या स्वयंपाकघरात ह्यांना स्वच्छ सांगितले होते की त्या घरात साखरेच्या डब्यालाही कुलूप आहे, आणि कुंदाची पदवी तिथे चौकटीत घालून भिंतीला टांगतील. म्हणजे हे सारे गोदावरीने ऐकले. आता ती अकोल्याला काय कळवते हे जाणून घेणे भागच होते, म्हणून मी स्पीकरखाली पाट घेऊन बसू लागले. तिसऱ्या दिवशी ती भाऊजींना म्हणाली, “वयनी बोलल्या ते खोटं नाही. पण मी कशी सांगू? माह्याच माहेरचं ठिकाण.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्पीकरसमोर उभी राहिले आणि ह्यांना म्हटले, कुंदाला तिथे शाळेत नोकरी करू देतील का, हे कोणा माहीतगाराने सांगितले तर बरे होईल. हे म्हणाले, “एवढ्या मोठ्यानं कोणाला सांगतेस?” मी त्यांना गप्प बसवले. थोड्या वेळाने तिकडून आवाज आला. मोठ्या सुनेची शाळेतली नोकरी मावशीने आठ दिवसांत सोडवली, सून रडली, पण माहेरी पत्रही लिहू दिले नाही. गोदावरी हे भाऊजींना सांगत होती. भाऊजी साडेदहालाच शाळेत शिकवायला गेलेले होते.

संध्याकाळी आम्ही दोघी नळावर भेटलो आणि डासांविषयी बोललो.

तरी कायदा काय म्हणतो ते कळव, तारेवरून दुसऱ्याच्या घरातले ऐकणे हा गुन्हा आहे काय, आणि दोघींनी ऐकले असल्यास तो कोणाचा?

तुझी,
ताराताई

ता. क. कायद्याचे राहू दे. स्थळ मोडायचे आहे. मी नकार दिला तर दुर्गाबाई पहिल्यांदा गोदावरीला धरतील आणि तिची अकोल्याची वाट बंद होईल. तू आणलेस, तूच परत घे. जोशीबुवांनी पत्रिका पुन्हा पाहिली, जुळत नाही, असे सांग. मी पत्रिका मानत नाही, पण दुर्गाबाई मानतात.

ता. क. २. गोवर्धन उद्या तारा काढायला येणार होता. त्याला नको म्हणून निरोप पाठवला आहे.

ता. क. ३. उत्तर पाकिटात न घालता पोस्टकार्डावर लिही. आमच्या अंगणात पडलेले कार्ड आधी गोदावरी उचलते आणि वाचते. एरवी तिच्या या सवयीबद्दल मी तुला स्वतंत्र पत्र लिहिले असते. या वेळी अक्षर तेवढे मोठे काढ.